उचगावात मिरची कांडपाचा डंका टाकायचा आहे, हिशेब तपासून द्याल का?

उचगावची सून · १७ नोव्हेंबर २०२४, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ.

माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर बेळगावजवळचं उचगाव. नवरा उद्यमबागेत लेथवर आहे. मुलगी पाचवीत गेली, दुपार मोकळी मिळते. सासूबाईंची कांदा-लसूण चटणी आमच्या भावकीत नावाजलेली. दरवर्षी फेब्रुवारी संपला की पाच-सहा घरची मिरची आमच्या सोप्यात (पुढच्या पडवीत) येऊन पडते, देठं खुडायला बायका बसतात आणि मग पोती घेऊन बेळगावात डंक्यावर, म्हणजे मोटरवर मुसळं चालणाऱ्या कांडपयंत्रावर, नंबर लावायचा. गेल्या मार्चमध्ये सकाळी आठला गेलेली मी संध्याकाळी साडेसहाला घरी आले, तेही शिंकत. तेव्हाच डोक्यात आलं, हा डंका आपल्याच गावात का नको?

माझा हिशेब असा. दोन मुसळांचा नवा डंका ८५ हजार. मोटर, वायरिंग, गाळ्याचं डिपॉझिट, पाकिटं सील करायचं मशीन आणि थोडी मिरची भरून ठेवायची, सगळं मिळून अडीच लाख. भिशीचे ५० हजार आहेत, दोन लाख कर्ज काढायचं. रस्त्याकडेचा गाळा महिना ३ हजार. रोज ४० किलो कांडप, किलोला ५० रुपये, ९० दिवसांचा सीझन, म्हणजे १ लाख ८० हजार. शिवाय सासूबाईंच्या चटणीची पाकिटं करून शिनोळी, चंदगड, जमलं तर कोल्हापूरपर्यंत द्यायची.

विचारायचं आहे ते इतकंच: कर्ज कुठलं घ्यावं, सबसिडी मिळते का, कागद कुठले लागतात? आणि आमचं गाव कर्नाटकात, पुढं बाची गाव ओलांडलं की महाराष्ट्र लागतो, शिनोळी-चंदगड तिकडचं, त्यानं काही फरक पडतो का?

---

निपाणीचे नाना · १८ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

ताई, मी १९ वर्षं डंका चालवला, आता मुलगा बघतो. तुमच्या हिशेबात चूक एकच आहे, खरं ती मोठी आहे. वर्षाला महिने बारा असतात.

तुमचेच आकडे घेऊन मांडतो. १,८०,००० आले. हाताखाली माणूस लागणारच, ४०० रुपये हजेरीनं ९० दिवसांचे ३६,०००. वीज १५,००० धरा. राहिले १,२९,०००. गाळ्याचं भाडं तीन महिने नाही, बारा महिने द्यायचं, ते ३६,०००. उरले ९३,०००, म्हणजे महिन्याला ७,७५०. दोन लाखांचं कर्ज तीन वर्षांत ११ टक्क्यांनी फेडायचं तर हप्ता साडेसहा हजारांच्या वर. महिन्याला हातात बाराशे रुपये. त्यापेक्षा देठं खुडायला गेलात तर जास्त मिळतील.

आणि हे रोजचे ४० किलो धरून. दोन मुसळांचा डंका नीट चटणी काढतो ती तासाला पाच-सहा किलो. ४० किलोला सात-आठ तास डंका थांबताच कामा नये. पाडव्याच्या आगेमागे तीन आठवडे तसं होतंय, लोक रात्री नऊला पण पोतं घेऊन येतात. बाकी दिवस दहा किलो, कधी तेवढंही नाही. वळीव पडला की मिरची वाळत नाही आणि गिऱ्हाईक घरात बसतं.

गाळा सोडा. सोपा आहे न्हवं? तिथंच बसवा. नवा डंका पण नको. गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यात म्हातारपणामुळं बंद केलेले डंके पडून आहेत. बिडाचं काम, मरत नाही ते. नवरा लेथवर आहे म्हणता, बुश आणि शाफ्ट त्याला दाखवा, तो एका नजरेत सांगेल.

---

कडोलीकर · १८ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

नानांचं बरोबर. एक आणखी सांगतो, राग मानू नका वैनी. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट. तुम्ही मनात धरलं असेल की गावात डंका आला म्हणजे लोकांचं बेळगावचं भाडं वाचेल. भाडं नाहीच, तर वाचणार काय? उलट बेळगावला गेलं की डंक्यावर डबा ठेवून खडेबाजारात एक चक्कर होतेय.

---

उचगावची सून · १८ नोव्हेंबर, दुपारी २:१५

हे खरंच ध्यानात आलं नव्हतं. पण भाऊ, तो रांगेत गेलेला दिवस? आणि दहा किलोचं पोतं बसमध्ये चढवताना कंडक्टर जे बोलतो ते?

नाना, बाराशे रुपये वाचून मी नवऱ्याला मोबाइल दाखवला. तो काही बोलला नाही. उठून चहा केला त्यानं.

---

हिशेबनीस · १८ नोव्हेंबर, रात्री ९:०५

टिळकवाडीत जीएसटीची कामं करतो, म्हणून सीमेच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. बाची ओलांडली की फरक पडतो, आणि तुमच्या बेतात तोच सर्वांत मोठा आहे.

दोन कामं वेगळी धरा. गिऱ्हाइकाची मिरची कांडून देणं ही सेवा. स्वतःची चटणी भरून विकणं ही मालाची विक्री. सेवेला वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि गिऱ्हाईक परराज्यातलं असलं म्हणून ही सूट जात नाही. नुसता माल विकणाऱ्याला कर्नाटकात ही मर्यादा ४० लाख आहे. दोन्ही करणार असाल तर २० लाखच धरून चाला. तुम्ही त्याच्या जवळपासही नाही.

पण माल राज्याबाहेर पाठवलात की मर्यादा हा प्रकारच राहत नाही. शिनोळीच्या दुकानदाराला पहिलं पाकीट द्यायच्या आधीच नोंदणी हवी. मग दर महिन्याला किंवा तिमाहीला विवरणपत्रं, विक्री शून्य असली तरी. कंपोझिशन, म्हणजे उलाढालीवर ठोक दरानं कर भरायची सोय, घेऊन सुटू म्हणाल, तर त्यात राज्याबाहेर माल विकायलाच मनाई आहे. उचगावहून खानापूर कितीतरी लांब, तिकडं बिनघोर विका. शिनोळी हाकेच्या अंतरावर, तिकडं नाही. बेळगावात धंदा करणाऱ्या प्रत्येकाला हे एकदा तरी समजावून सांगावं लागतं आणि प्रत्येक जण मला वेड्यात काढतो.

शिनोळीची बाई तुमच्या दारात आली, रोख पैसे देऊन पाकीट पिशवीत घालून गेली, तर ती कर्नाटकातली विक्री. तिला येऊ द्या, तुम्ही जाऊ नका.

---

चंदगडकर · १८ नोव्हेंबर, रात्री ९:३०

आम्ही येतोच की हो! आमचा बाजार, दवाखाना, लग्नाचा बस्ता सगळं बेळगावलाच. वाटेत उचगाव. उचगावच्या मळेकरणी देवीला मंगळवार-शुक्रवारी येणारी गर्दी पण धरा त्यात. फक्त ओल्या मिरचीला ‘चालतंय’ म्हणून कांडून देऊ नका. मागं एका डंक्यावरनं आणलेली चटणी महिन्याभरात बुरसली.

---

अनगोळची वैनी · १९ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

सबसिडीचं कोणी बोलेना, म्हणून मी. आमच्या बचत गटानं पापडासाठी फिरफिर फिरून माहिती काढली होती.

पीएमएफएमई ही खाद्यपदार्थांच्या छोट्या उद्योगांची योजना. त्यात ३५ टक्के सबसिडी, कमाल १० लाख, आणि कर्नाटक सरकार वरून १५ टक्के घालतं. बेळगाव जिल्ह्याचा ठरलेला पदार्थ गूळ आहे, पण मसाल्यालाही अर्ज करता येतो. बचत गटात असाल तर बीजभांडवल म्हणून सभासदामागं ४० हजारांपर्यंत मिळतं, ते गटामार्फत. दुसरी पीएमईजीपी, नवा धंदा काढणाऱ्यांसाठीची केंद्राची योजना. त्यात खेड्यातल्या बाईला ३५ टक्के सबसिडी आणि स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे.

आता खरी गोम. सबसिडी हातात येत नाही. ती बँकेत तुमच्या कर्जाच्या नावानं तीन वर्षं अडकवून ठेवतात. आधी पूर्ण कर्ज, त्याचा हप्ता, आणि धंदा चालू राहिला तर मग ती वळती होते. आमच्या गटातल्या एकीनं ‘३५ टक्के फुकट’ ऐकून गरजेपेक्षा दुप्पट मशीन घेतलं. अर्धं अजून प्लॅस्टिकमध्ये आहे.

---

कडोलीकर · १९ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

पीएमईजीपीच्या कागदात ‘सीमाभागातल्यांना जादा सूट’ असं वाचलंय. आपण त्यात नाही तर कोण?

---

हिशेबनीस · १९ नोव्हेंबर, दुपारी १:३०

ती सरकारनं अधिसूचित केलेली सीमा, कडोलीकर. आपली सीमा न्यायालयात आहे. बाई म्हणून ताईंना ती सूट तशीही मिळते.

कर्ज घ्यायचंच झालं तर मुद्रा योजनेचं ‘शिशु’ कर्ज बघा, ५० हजारांपर्यंत, तारण नाही. बाकी कागद असे. अन्नपदार्थाची नोंदणी, एफएसएसएआयची, वर्षाला १०० रुपये, उलाढाल १२ लाखांच्या आत असेपर्यंत. दुसऱ्याची मिरची कांडून देत असलात तरी हवी. ग्रामपंचायतीचा परवाना. घराचा उतारा, म्हणजे फॉर्म ९ आणि ११; तो कोणाच्या नावावर आहे ते आजच बघा. उद्यम नोंदणी फुकट आहे, आधारवर घरबसल्या होते. कोणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका. वजनकाट्यावर दरवर्षी शिक्का. विजेचं मीटर इंडस्ट्रियल, एलटी-५. घरगुती मीटरवर डंका लावलात तर एक दिवस दंडासकट बिल येईल.

पाकिटं करणार असाल तर वजन-माप खात्याकडं पॅकर म्हणून नोंदणी, ५०० रुपये. आणि लेबलवरचा कायद्यानं लागणारा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो. मराठी, कन्नड वर घाला हवी तेवढी, पण नुसतं मराठीत छापलेलं चालत नाही.

---

कपिलेश्वर रोड · १९ नोव्हेंबर, सायंकाळी ७:००

आणि पाटी? पाटीचं कोण सांगणार? २०२४ च्या कायद्यानं पाटीवर ६० टक्के कन्नड, आणि तीच वर. आपल्याच गावात आपल्याच भाषेत…

*(पुढचा मजकूर आणि त्यावरचे अकरा प्रतिसाद ‘सीमाप्रश्न’ धाग्यात हलवले आहेत. इथं मिरचीवर बोला. – व्यवस्थापक)*

---

निपाणीचे नाना · १९ नोव्हेंबर, रात्री ८:१०

पाटीचा नियम आहे तो पाळायचा आणि मराठी खाली ठसठशीत काढायची. पेंटरला दोन्ही येतंय. माझ्याकडं हुक्केरीकडनं येणारं गिऱ्हाईक ‘खारद पुडी’ वाचूनच आत शिरतं.

ताई, मिरची भरून ठेवायचा बेत पण सोडा. ब्याडगीचा भाव कधी बसेल सांगता येत नाही. याच वर्षी ११ मार्चला भाव पडला म्हणून ब्याडगीच्या बाजार समितीत शेतकऱ्यांनी गाड्या पेटवल्या, आठवतंय न्हवं? ज्यांनी आधी चढ्या भावानं पोती भरली होती त्यांचं काय झालं असेल! सुरुवातीला गिऱ्हाइकाची मिरची, गिऱ्हाइकाचा मसाला, आपला फक्त डंका.

---

संकेश्वरचा जावई · १९ नोव्हेंबर, रात्री १०:२५

पाकिटावर ‘संकेश्वरी’ छापायच्या आधी विचार करा. अस्सल संकेश्वरी मिरची आता फार थोडी पिकते. गडहिंग्लजच्या सौद्यात तिचा भाव ऐकून माणूस टोपी काढतो. बाजारात त्या नावानं येतं ते बरंचसं दुसरंच. रंगाला ब्याडगी, तिखटाला दुसरी कुठली असेल ती, असं सरळ सांगा. ब्याडगीला २०११ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तेही नाव उगाच वापरू नये.

आणि चक्कीच्या भानगडीत पडू नका. पल्वरायझरवर, म्हणजे त्या चक्कीवर, काम झटपट होतं, पण पूड तापते, रंग जरा काळसर पडतो. लोक डंक्याला दोन पैसे जास्त देतात ते त्यासाठीच.

---

उचगावची सून · २४ नोव्हेंबर, दुपारी ३:००

सगळ्यांचं वाचलं, वहीत उतरवलं. गाळा सोडला. कर्ज सोडलं. शिनोळीची पाकिटं सोडली, याचं जरा वाईट वाटलं, कारण तिथल्या नणंदेच्या दुकानात फळी रिकामी करून ठेवलेली. राहिला डंका आणि आमचा सोपा.

नऊ महिन्यांचं मात्र कोडं आहे. मिरची संपल्यावर डंक्यानं काय करायचं?

---

अनगोळची वैनी · २४ नोव्हेंबर, सायंकाळी ६:२०

पंचांग घेऊन बस गं. श्रावणात उपवासाची भाजणी. चतुर्थीला मोदकाची पिठी. दसऱ्यापासून चकलीची भाजणी आणि अनारशाचं पीठ. लग्नसराईत मसाला. हळकुंडं डंक्यावर होतात. पीठ डंक्यावर होत नाही, त्याला गावातल्या गिरणीवाल्याशी बोलून ठेव. आधी त्याच्याशी गोड बोल, नाहीतर पहिला विरोध तोच करेल.

---

उचगावची सून · १५ जून २०२५, रात्री ९:५०

धागा वर काढते. बऱ्याच जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

डंका गडहिंग्लजकडचा, जुना, ३८ हजारांना मिळाला. नाना, तुमचं खरं. नवऱ्यानं मुसळ हातानं वर उचलून सोडलं, आवाज ऐकला आणि म्हणाला, ‘बुश गेलेत, बाकी ठणठणीत.’ दुरुस्तीला ११ हजार, वायरिंग आणि मीटरच्या डिपॉझिटला १६ हजार, पंखा, पत्रा आणि किरकोळ साडेसहा हजार. एकूण ७१,५००. भिशी आणि नवऱ्याचा बोनस.

घोळ उताऱ्यात झाला. घर अजून सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन आठ वर्षं झाली, वारसा नोंद आम्हीच केलेली नव्हती. हिशेबनीसांनी ‘आजच बघा’ लिहिलं होतं, आम्ही जानेवारीत बघितलं. त्यामुळं मीटर बसून डंका सुरू व्हायला १२ मार्च उजाडला.

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात दारात रांग होती. सासूबाई खुर्ची टाकून बसायच्या आणि प्रत्येकीला चटणी कशी भाजायची ते सांगायच्या, न विचारता. अर्धं गिऱ्हाईक त्यांच्यामुळं टिकलं, असं मला वाटतं. (त्यांना सांगू नका.)

आता जे वहीत कुठंच नव्हतं ते. खाट, मिरचीचा ठसका! पहिल्या दिवशी डंका सुरू केला आणि तासाभरात सगळी गल्ली शिंकायला लागली. शेजारच्या आजोबांना दमा आहे. त्यांच्या सुनेनं येऊन काही भांडण केलं नाही, नुसती डोळे पुसत दारात उभी राहिली. मला इतकं लाजल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी डंका बंद. नवऱ्यानं मागच्या भिंतीला पंखा बसवला, त्याचं तोंड परसाकडं काढलं, पुढच्या दाराला ओलं गोणपाट टांगलं. ते दर अर्ध्या तासानं भिजवावं लागतं. सकाळी दहा ते चार एवढीच वेळ ठेवली आणि रात्रीची गिऱ्हाइकं सोडली. आजोबांची या वर्षीची चटणी आम्ही कांडून दिली, पैसे घेतले नाहीत.

दुसरी चूक. एप्रिलमध्ये वळीव पडून गेल्यावर एका काकूंनी मिरची आणली. हाताला वाळलेली लागली, मी घेतली. मुसळाखाली तिचे गोळे व्हायला लागले. डंका थांबवून, खरवडून, परत उन्हात घालून दोन दिवसांनी कांडली. चंदगडकर, तुमची बुरसलेली चटणी तेव्हा आठवली. आता पोतं उघडलं की मूठभर मिरची कानाजवळ धरून हलवते. आत बी खुळखुळलं तर घ्यायची, नाहीतर घरी परत.

एकदा दोन डब्यांची अदलाबदलही झाली. एकीची नुसती ब्याडगी, दुसरीची जहाल. दोन्ही लालभडक, झाकण लावल्यावर कोण ओळखणार? ज्यांच्याकडं जहाल गेली त्यांच्या घरी त्या रात्री कोणी नीट जेवलं नाही. आता डब्यावर आणि झाकणावर दोन्हीकडं खडूनं नंबर.

हिशेब. १२ मार्च ते १९ मे, डंका ५८ दिवस चालला. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, सीझन तिथंच मिटला. १,८७० किलो, ५० रुपयांनी ९३,५००. वीज ८,२००, नणंदेच्या मुलाला गर्दीच्या दिवसांचे १४,५००, पट्टा आणि दुरुस्ती ३,८००. राहिले ६७,०००. घातले होते ७१,५००. अजून साडेचार हजार वसूल व्हायचेत. रोजचे ३२ किलो पडले, माझे ४० नाहीत आणि नानांचे दहाही नाहीत. (नाना, हसा.)

सासूबाईंच्या चटणीची वही वेगळी आहे, फक्त दारातली विक्री. शिनोळीची नणंद स्वतः येऊन तिच्या घरापुरती चार पाकिटं घेऊन जाते आणि दरवेळी रिकाम्या फळीवरून मला बोलते.

---

निपाणीचे नाना · १६ जून, सकाळी ६:४०

हसलो. पहिल्या सीझनला १,८७० किलो म्हणजे चांगलं आहे. आमचं पहिल्या वर्षी एवढं नव्हतं. मुसळांना तेल लावून, पोत्यात गुंडाळून ठेवा, पावसाळ्यात गंज धरतोय. पट्टा सैल करून ठेवा.

---

उचगावची सून · १६ जून, दुपारी १:५५

लावलं तेल. गिरणीवाल्या मामांशी बोलणं झालंय, किलोमागं त्यांचं ठरलंय. चतुर्थी २७ ऑगस्टला आहे, मोदकाच्या पिठीची २० किलोची ऑर्डर आत्ताच आली. तांदूळ कुठला घेऊ? इथल्या दुकानात आंबेमोहोर सांगतात, भाव ऐकून घाम फुटला.

---

अनगोळची वैनी · १६ जून, दुपारी २:३०

आंबेमोहोर कशाला? आपल्या बेळगाव बासमतीची कणी घे, वासाला तीच पुरते. धुऊन सावलीत वाळव, उन्हात नको, उकड फाटते. या पावसात पंख्याखाली तीन दिवस तरी लागतील, तेव्हा वेळेत धुवायला घे. आणि गिरणीवाल्याला सांग, आधी कोणाचं तरी तांदळाचं दळण काढ, मग आपलं टाक. नाहीतर मोदकाला ज्वारीचा रंग येईल.